उन्हात उडालेला पिवळा: हळदीने चित्रं करणाऱ्या एका चित्रकाराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या दुकानात सुरू झालं आणि बराचसा भाग माझ्या डोळ्यासमोर घडला म्हणून मी लिहितेय. पुण्यात माझं फ्रेमिंगचं छोटं दुकान आहे, चित्रकारांचीच कामं जास्त येतात. ज्या मुलीबद्दल लिहितेय ती तिशीच्या आतली, सांगलीकडची, तिला विचारूनच लिहिलंय. तिचे आणि चित्रं घेणाऱ्यांचे ओळखू येतील असे तपशील बदललेत, पण सांगली आणि हरिपूर तसंच ठेवलंय कारण ते काढलं तर गोष्टच उरत नाही.

पार्श्वभूमी

तिचे आजोबा, घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे, सांगलीच्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. सांगली म्हणजे हळदीची मोठी पेठ, राजापुरी हळदीचा व्यापार तिथे पिढ्यानपिढ्या चालतो, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ज्यांनी तिकडचं जुनं पाहिलंय त्यांना हळद म्हटलं की मार्केट यार्डाआधी हरिपूरची पेवं आठवतात. कृष्णा आणि वारणेचा संगम आहे ना, तिथलं हे गाव. तिथली माती अशी की खोल खड्डा खणला तरी आत ओल येत नाही, म्हणून वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद आणि आत पसरट असे खड्डे खणायचे, आतून पाचट लावायचं, हळकुंडं भरायची आणि वरून मातीने तोंड बुजवून टाकायचं. हळद आत वर्षानुवर्षं राहायची, ना कीड ना बुरशी, आणि रंग जसाच्या तसा.

पेव उघडायच्या दिवशी लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. हे ती मला सांगते तेव्हा हाताने दोरी सोडल्यासारखं करून दाखवते. सहा-सात वर्षांची असताना ती आबांना डबा द्यायला जायची, सुट्टीत तर रोजच. तिच्या डोक्यात जो पिवळा बसलाय तो तिथला आहे. गोडाऊनच्या पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाच्या काठ्या खाली यायच्या आणि त्या काठ्यांमध्ये हळदीची धूळ तरंगत असायची, हमालांच्या पापण्यांवर पिवळं, पोत्यांवर पिवळं, आबांच्या धोतराच्या सोग्याला पिवळं, नखांत तर कायमचंच. तिच्या दुसरीच्या प्रगतीपुस्तकावर पालकांच्या सहीच्या जागी आबांची सही आहे आणि शेजारी त्यांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा, मुद्दाम उठवलेला नाही, पुस्तक धरताना लागलेला. बाईंनी वर्गात विचारलं होतं हे काय सांडलंय, आणि हिने सांगितलं, आबा.

2005 ला कृष्णेला पूर आला तेव्हा हरिपूरची बरीच पेवं पाण्याखाली गेली. हळद आतल्या आत कुजली. ती म्हणते पुराचं पाणी तिला फारसं आठवत नाही पण नंतर कित्येक दिवस येणारा तो आंबूस वास आठवतो, आणि आबा ओट्यावर हात मांडीवर ठेवून नुसते बसलेले आठवतात. पुढे पेढीचं काम सुटलं, दोन-तीन वर्षांत आबा गेले.

कोल्हापूरला जी. डी. आर्ट करून ती पुण्यात आली. आधी ॲक्रिलिकमध्ये शहराची चित्रं करायची, बरी होती, विकलीही जायची, पण मला कधी ती तिची वाटली नाहीत. मग लॉकडाऊनमध्ये सांगलीला घरी अडकली आणि तिथे तिने पहिल्यांदा स्वयंपाकघरातली हळद घेऊन कागदावर रंग लावून बघितला.

हळदीचा रंग ती कसा करायची

हे जरा सविस्तर सांगते कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. हळदीतला पिवळा म्हणजे करक्युमिन, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात कालवलं तर नुसता गाळ कागदावर बसतो आणि वाळल्यावर झडतो. तिने दोन-तीन महिने धडपड करून स्वतःची पद्धत बसवली होती, हळकुंड घरी कुटायचं, पूड स्पिरिटमध्ये एक रात्र भिजत ठेवायची, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायची, मग तो अर्क पातळ थरांनी हातकागदावर चढवायचा, एक थर वाळला की दुसरा. वीस-वीस थर. जिथे दाट पाहिजे तिथे डिंकाच्या पाण्यात पूड खलून वरून.

त्या थरांमधून जो पिवळा यायचा ना, मी इतक्या वर्षांत एवढी चित्रं हाताळली पण असा पिवळा बघितला नव्हता. ट्यूबमधला पिवळा कागदावर बसलेला दिसतो, हा आतून येत होता. चित्रांत फार काही नसायचं, एखादं पोतं, पत्र्यातून आलेली उन्हाची तिरीप, एक पाठमोरा माणूस, बाकी सगळा पिवळाच.

अशी चौदा चित्रं झाली, प्रदर्शन झालं, सहा विकली गेली. प्रदर्शनाच्या फ्रेम मी केल्या होत्या. आणि इथेच पहिला निर्णयाचा क्षण होता जो आम्ही दोघींनी सोडून दिला. मी तिला विचारलं होतं, अगं ही खरी हळद आहे का, उडेल ना. ती म्हणाली, ताई यूव्ही काच लावा ना. मी लावली. मला तेव्हा माहीत होतं की काच सगळं अडवत नाही, पण प्रदर्शन चार दिवसांवर होतं, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद दिसत होता, आणि मी पुढे काही बोलले नाही. त्या न बोलण्याची जबाबदारी माझीच आहे असं मी आजही मानते.

काय बिघडलं

प्रदर्शनानंतर सातव्या महिन्यात एका ग्राहकाचा तिला व्हॉट्सॲपवर फोटो आला. चित्र त्यांच्या हॉलमध्ये, समोर मोठी खिडकी. खाली फक्त एवढंच लिहिलेलं, रंग असाच होता का? ती तो फोन हातात धरूनच माझ्या दुकानात आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते चित्र आणलं आणि मी टेबलावर उलटं ठेवून फ्रेम उघडली. मागची टेप कापली, बॅकिंग काढलं, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) उचलला. माउंटच्या कडेखाली चित्राची साधारण पाच मिलिमीटरची पट्टी चारी बाजूंनी झाकलेली असते, ती पट्टी लखलखीत पिवळी होती, पहिल्या दिवशी होती तशी. आणि त्या पट्टीच्या आत सगळा कागद दुधात चिमूटभर हळद टाकावी एवढाच पिवळसर. पोत्याची रेघ पेन्सिलीची होती म्हणून ती राहिली, माणसाची पाठ राहिली नव्हती. मधली सीमा इतकी सरळ होती की पट्टीने आखल्यासारखी. ती बराच वेळ त्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिली, कागदाला न लावता, वरून.

कारण सरळ आहे. करक्युमिनचा रेणू प्रकाशात तुटतो, आणि तो नुसता अतिनील प्रकाशात नाही तर दिसणाऱ्या प्रकाशातल्या निळ्या-जांभळ्या भागातही तुटतो, कारण तोच भाग तो शोषतो, म्हणून तर आपल्याला पिवळा दिसतो. यूव्ही काच अतिनील अडवते, निळा प्रकाश आत येतोच, तो अडवला तर काचच पिवळी दिसेल. म्हणजे काचेने वेळ थोडा लांबला असेल, तो रंग वाचणार नव्हताच.

तिने मग उरलेल्या आठ चित्रांपैकी एक उघडलं. ते चुन्याच्या पोताऱ्यावर केलेलं होतं, जुन्या घराची भिंत वाटावी म्हणून. त्यात वेगळीच गंमत झाली होती, जिथे चुना जाड होता तिथे हळद लालसर विटकरी झाली होती. हळदीला अल्कली लागली की लाल होते हे आपल्याकडे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, साबण लावला की हळदीचा डाग लाल होतो. ते चित्र मला तर आवडलं होतं, पण तिला नको होतं, कारण तिने लाल ठरवलेला नव्हता.

समोर काय काय पर्याय होते

पहिला पर्याय गप्प बसायचा. तक्रार एकाचीच आली होती, बाकी पाच जणांना अजून काही दिसलं नव्हतं किंवा दिसलं तरी ते बोलले नव्हते. प्रदर्शन भरवणाऱ्यांपैकी एकांनी तिला हाच सल्ला दिला, म्हणाले नैसर्गिक रंग आहे, बदलणारच, त्यालाच सौंदर्य म्हणायचं, तसं एक पत्र लिहून टाक. सल्ला वाईट हेतूने नव्हता. आणि जगात मुद्दाम नाशिवंत कामं करणारे मोठे कलाकार आहेतच, फुलांच्या परागांची कामं आहेत, बर्फाची आहेत. पण त्यात घेणाऱ्याला किंवा बघणाऱ्याला आधीच माहीत असतं. विकताना न सांगता नंतर तत्त्वज्ञान जोडणं मला पटत नव्हतं आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं.

दुसरा, पैसे परत करायचे. प्रामाणिक पण तिच्याकडे तेवढे पैसे नव्हते, प्रदर्शनाचे पैसे घरभाड्यात आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये गेले होते.

तिसरा, उडालेल्या चित्रांवर पुन्हा हळदीचे थर द्यायचे. हे तिला सगळ्यात सोपं वाटत होतं. मी नको म्हटलं, सहा महिन्यांनी परत तेच.

चौथा, तीच चित्रं टिकाऊ पिगमेंटमध्ये, म्हणजे न उडणाऱ्या रंगद्रव्यात, नव्याने करून बदलून द्यायची.

आणखी एक गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली, अमेरिकन चित्रकार मार्क रोथकोची. त्याने 1960 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठासाठी मोठमोठी चित्रं केली, त्यात लिथॉल रेड नावाचा एक लाल वापरला, आणि चित्रं लावली ती काचेच्या खिडक्या असलेल्या जेवणाच्या हॉलमध्ये. किरमिजी लाल उडून काही भाग फिका निळा झाला, 1979 मध्ये चित्रं उतरवून ठेवून द्यावी लागली. 2014 मध्ये ती परत दाखवली तेव्हा हात न लावता त्यांच्यावर प्रोजेक्टरने नेमका तेवढाच रंगीत प्रकाश टाकला, म्हणजे बघणाऱ्याला मूळ रंग दिसेल. ही गोष्ट ऐकून तिला बरं वाटलं नाही, पण ती म्हणाली म्हणजे हे माझ्या एकटीच्याच बाबतीत झालेलं नाही. मला तेवढंच पोचवायचं होतं.

काय केलं, आणि कुठे अडलं

तिने आधी सहाही जणांना फोन केले. मेसेज नाही, फोन. हा निर्णय पूर्ण तिचा होता आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच, असं माझं मत आहे. काय झालंय ते सांगितलं, चूक आपली आहे हे सांगितलं आणि दोन गोष्टी पुढे ठेवल्या, बदलून चित्र किंवा पैसे हप्त्याने. दोघांनी पैसे घेतले, ते 52,000 रुपये तिने तीन हप्त्यांत फेडले. तिघांनी नवीन चित्र चालेल म्हटलं. सहाव्या बाईंचं शेवटी सांगते.

मग पिगमेंटचा शोध. यात मी मदत करू शकत होते म्हणून केली. चित्रकारांनी एक गोष्ट खरंच लक्षात ठेवावी, ट्यूबच्या पुढच्या नावावर जाऊ नका, इंडियन यलो, गॅम्बोज ही नावं वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळ्या पिगमेंटना दिलेली असतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पीवाय (पिगमेंट यलो) आणि आकडा असतो तो बघा. पीवाय 43 म्हणजे यलो ओकर, माती, टिकण्याच्या बाबतीत त्याच्यासारखं काही नाही. पीवाय 35 कॅडमियम. पीवाय 150 म्हणजे निकेल ॲझो, पारदर्शक, पातळ लावला की हळदीच्या अर्काच्या जवळ जातो. शेजारी प्रकाश-टिकाऊपणाचं मानांकन असतं, एक उत्तम, दोन चांगलं, त्याच्या पुढचं विकायच्या कामात नको.

तरी कागदावर छापलेल्यावर विसंबायचं नाही म्हणून एक साधी चाचणी घेतली. एका कागदावर पट्ट्या ओढल्या, हळदीचा अर्क, डिंकातली हळद, पीवाय 43, पीवाय 150, दोन्हींचं मिश्रण, अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकला आणि एप्रिलमध्ये माझ्या दुकानाच्या पश्चिमेच्या काचेला चिकटवला. हळदीचा अर्क पहिल्या दिवशी संध्याकाळीच फिका दिसायला लागला, चौथ्या दिवशी जवळजवळ कोरा. पिगमेंटच्या तिन्ही पट्ट्या पावसाळ्यापर्यंत तशाच होत्या. हा कागद मी अजून दुकानात लावून ठेवलाय, नवीन कोणी नैसर्गिक रंगाचं बोलायला लागलं की दाखवते.

पीवाय 150 चे पातळ थर आणि खाली ओकरचं तलम अस्तर असं करून तिने तीन चित्रं परत केली. चांगली झाली. ज्यांना दिली त्यांना आवडली, मला आवडली, शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला फरक कळणार नाही. पण ती खूश नव्हती. तिसरं चित्र पॅक करताना म्हणाली, ताई रंग तोच आहे पण हे आबांचं नाहीये, हे मी दुकानातून आणलंय. मी म्हटलं अगं हळदही दुकानातूनच येते. म्हणाली तसं नाही. त्यानंतर दोन महिने तिने ब्रश हातात घेतला नाही. मी पण फार मागे लागले नाही, कारण तिला काय म्हणायचंय ते मला समजत होतं पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गाठ सुटली ती आईच्या एका वाक्याने

दिवाळीला ती सांगलीला गेली. आईला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, पैसे परत केल्याचं सुद्धा. आई पोहे निवडत होती, मान वर न करता म्हणाली, हळदीचा डाग उन्हात टाकला की जातोय, हे तुला म्हाईत नव्हतं व्हय? आज्जी आबांची धोतरं कुठं वाळत घालत होती मग?

आणि तिला ते सगळं आठवलं. आज्जी धोतराला साबण लावायची, सोगा आणि मांड्यांवरचे डाग लालभडक व्हायचे, लहानपणी ती घाबरायची, रक्त वाटायचं. मग आज्जी ते खळबळून माडीवर नेऊन भर उन्हात पसरायची, वर दगड ठेवायची, आणि दुपारी उतरवायला गेलं की धोतर पांढरं. आज्जी म्हणायची हळद उन्हाला देऊन टाकायची, कपडा आपल्याला ठेवायचा. म्हणजे रसायनशास्त्राचा सगळा धडा तिच्यासमोर दर आठवड्याला माडीवर होत होता, पण तिची आठवण गोडाऊनमध्येच थांबली होती, माडीपर्यंत गेलीच नव्हती. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. लहानपणीचा एखादा आवडता रंग आपण आठवतो तेव्हा त्यातला एकच क्षण उचलून धरतो, सगळ्यात सुंदर क्षण, आणि त्याच रंगाचं पुढे काय व्हायचं ते मागेच राहून जातं.

त्याच दिवशी आईने ट्रंक काढली, जुन्या कागदांमधून तिचं दुसरीचं प्रगतीपुस्तक निघालं. अंगठ्याचा ठसा तसाच होता. वीस वर्षांहून जास्त काळ अंधारात बंद, म्हणून. तिने मला त्याचा फोटो पाठवला, अंगठ्याच्या रेषासुद्धा मोजता येत होत्या.

पुण्यात आल्यावर ती म्हणाली, ऊन जर हळद काढतं तर मी उन्हालाच काढायला लावते. तिला वाटलं आपण काहीतरी नवीन शोधलंय, मी तिला सांगितलं की याला ॲन्थोटाइप म्हणतात, ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये वनस्पतींच्या रसांवर असे प्रयोग प्रसिद्ध केले होते, त्याच वर्षी त्याने सायनोटाइप हा निळ्या छायाचित्रांचा प्रकारही काढला. कागदाला वनस्पतीचा रंग लावायचा, वर वस्तू किंवा फिल्मवर छापलेला फोटो ठेवायचा, काच दाबून उन्हात ठेवायचं, ऊन लागेल तिथला रंग उडतो, झाकलेला राहतो. बऱ्याच फुलांच्या रसाला दिवसेंदिवस लागतात, हळदीला काही तास. जी गोष्ट चित्राला मारक होती तीच इथे काम करते.

आणि दुसरी पायरी तर आपल्या घरातलीच आहे. ऊन दाखवून झाल्यावर कागदावर टाकणखाराचं (बोरॅक्सचं) पाणी फवारलं की उरलेली हळद पिवळ्यावरून गडद तांबडी-तपकिरी होते. पारंपरिक कुंकू असंच तर बनतं, हळदीला टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस लावून, पंढरपूरकडे आणि करमाळ्याच्या केम गावात हा धंदा आजही आहे. हे तिला सांगितलं तेव्हा ती एकदम म्हणाली, म्हणजे ते धोतरावरचं लाल. साबणाचं लाल आणि टाकणखाराचं लाल यात फरक आहे, साबणाचं धुतल्यावर परत पिवळं होतं, टाकणखाराचं त्या मानाने टिकून राहतं. पण तिला जे दिसत होतं ते खरंच होतं, एकच हळद पिवळी, लाल, पांढरी अशी तीन रूपं घेते आणि तिन्ही तिने लहानपणी बघितली होती.

नवीन मालिकेत तिने आबांच्या वस्तूच वापरल्या. चष्मा, टाक, वहीची फाटलेली पानं, हळकुंडं, धोतराचा तुकडा. कागदावर ठेवायच्या, गच्चीत ऊन द्यायचं, ढग आला की घड्याळ थांबवायचं. पहिले तीस-चाळीस कागद वाया गेले, कधी थर जाड, कधी वाऱ्याने चष्मा हलला म्हणून दोन-दोन चष्मे उमटले. धोतराचा तुकडा ठेवलेला कागद मला सगळ्यात जास्त आवडतो. विणीच्या बारीक बारीक चौकटी उमटल्यात आणि एका टोकाला घडी आहे, तिथे दुप्पट गडद.

मी आज काय वेगळं करेन

पहिलं म्हणजे फ्रेम करतानाच तोंड उघडेन. चार दिवस उरले होते हे खरं, पण चार दिवसांत फॉइलची पट्टी खिडकीला लावून उत्तर मिळालं असतं. तेव्हा प्रदर्शन पुढे ढकललं नसतं तरी विक्रीच्या कागदावर एक ओळ लिहिता आली असती, की यात खरी हळद आहे, उजेडात फिकी होईल. ज्यांना चालेल ते घेतील.

दुसरं, तिने तीन चित्रं घाईने पिगमेंटमध्ये करून दिली ते मी आता थोडं थांबवलं असतं. ग्राहकांसाठी ते बरोबर होतं, पण तिच्यासाठी तो काळ फार जड गेला, चांगलं काम करूनही आपण खोटं काम केलं असं तिला वाटत राहिलं. तिला तेव्हाच सांगलीला पाठवायला हवं होतं. अर्थात हे आता कळतं.

यावर आमच्या दोघींचं एकमत नाही. ती म्हणते ती तीन चित्रं केली नसती तर रंग आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला कळलंच नसतं, हुबेहूब पिवळा मिळूनही रिकामं वाटलं म्हणून तर ती दुसरं काही शोधायला लागली. असेलही.

तिसरं, विकायची पद्धत. ॲन्थोटाइप पक्का करायला काही उपाय नाही, टाकणखाराने आयुष्य वाढतं पण तोही कायमचा नाही. म्हणून आता ती मूळ कागद विकतच नाही. त्यांचे चांगले स्कॅन करून टिकाऊ शाईत प्रिंट काढते, मोजक्या प्रती, त्या विकते. मूळ कागद मी करून दिलेल्या झाकणाच्या पेटीत असतात, आम्लविरहित पुठ्ठा, पण बफर (आम्ल मारायला पुठ्ठ्यात घालतात तो क्षार) घातलेला नाही, कारण बफरमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि हळदीशेजारी अल्कली नको. कोणाला मूळ बघायचं असेल तर समोर बसवून पेटी उघडते, पाच मिनिटं, मग बंद. सुरुवातीला मला वाटलं होतं लोक हे ऐकून घेणार नाहीत. घेतात. पेटी उघडते तेव्हा खोलीत कोणी बोलत नाही.

आता कुठे आहे

हप्ते फिटले. प्रिंट हळूहळू विकल्या जातायत, पहिल्या प्रदर्शनाएवढे पैसे अजून आलेले नाहीत. आठ जुन्या हळदीच्या चित्रांपैकी सात तिच्याकडेच गुंडाळून काळ्या कागदात ठेवलीत, आणि ते चुन्यावरचं लाल झालेलं तिने मला दिलं, ते दुकानात आतल्या भिंतीवर आहे.

आणि त्या सहाव्या बाई. मिरजेच्या बाजूच्या, सत्तरीच्या, त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पैसेही नको म्हटलं आणि बदलून चित्रही नको. त्यांच्या माहेरी हळद पिकायची, त्यांनी ते चित्र घेतलं होतं ते पिवळ्यासाठीच. यावर्षी संक्रांतीला ती त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेली. भिंतीवर चित्र दिसलं नाही. विचारायला संकोच वाटला, पण बाईच तिला हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि लाकडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चित्र लावलेलं, साड्यांच्या समोर. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ते तिथे हलवलं होतं, कोणी सांगायच्या आधी, कारण हळद उजेडात ठेवत नाहीत हे त्यांना ठाऊकच होतं. सकाळी साडी काढायला दार उघडलं की तेवढं दिसतं, म्हणाल्या.

चित्राचा पिवळा पहिल्या दिवसासारखा होता. पत्र्यातली उन्हाची तिरीप, पोतं, पाठमोरे आबा, सगळं जागच्या जागी. तिने मला तिथूनच फोन केला, आवाज भरून आलेला. म्हणाली, ताई, यांनी कपाटात पेव केलंय.